गौतमीला बोलतं करताना

मंठ्याजवळची वाडी
५ नोव्हेंबर १९७२

प्रिय कौसल्या,

जयभीम. तुझं पत्र येऊन महिना होत आला, उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. सकाळी शाळा, दुपारी दुष्काळी कामावरच्या मजुरांची हजेरी लिहून द्यायची आणि उरलेल्या वेळात घरचं पाणी. माय बरी आहे. दिवसभर कुरकुर करते, म्हणजे बरीच आहे.

आज लिहितोय ते गौतमीविषयी. पोरगी चार सरून पाचव्यात चालली आणि अजून एक शब्द नाही. हवं ते बोटाने दाखवते, आईचा पदर ओढते, हुं हुं करते. कान मात्र तीक्ष्ण आहेत. मंठ्याची एस.टी. फाट्यावर वळायच्या आत तिला कळतं. मी तिला परतूरच्या डॉक्टरांना दाखवली. कान ठीक, घसा ठीक, जीभ ठीक. "बोलेल," म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मायचं म्हणणं वेगळं आहे. आपण बौद्ध झालो तेव्हा आपल्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, त्याचा हा कोप. परवा तिने कुठून तरी पोपटाने टोचलेला पेरू आणला आणि पोरीला चारला. वाचा फुटते म्हणे. या दुष्काळात माणसाला पेरू मिळेना, पोपटाला कुठे मिळाला देव जाणे. देव जाणे असं मीच लिहून गेलो. असू दे.

पण परवा शाळेच्या ओट्यावर रामराव पाटील चार माणसांत म्हणाले, "गुरुजी, गावची पोरं बोलती करता, घरच्या पोरीचं काय? देव टाकून बसलात, आता बाराखडी कोणापुढं म्हणणार?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

तू बालवाडीचं रीतसर शिक्षण घेतलं आहेस. मुलांना बोलतं करण्याचा जो अभ्यासक्रम असेल तो क्रमवार लिहून पाठव. आधी कोणते शब्द, रोज किती वेळ, सगळं. मी नियमाने करीन. जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घालायचं आहे. हजेरी घेताना तिने सगळ्यांदेखत "हजर" म्हटलं पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे.

तुझा भाऊ,
तातेराव

*

कुंभार पिंपळगाव
१८ नोव्हेंबर १९७२

दादा,

अभ्यासक्रम मागतोस! तू झोपेतसुद्धा फळा पुसत असशील. वहिनींना विचारून घेते एकदा.

अभ्यासक्रम असा काही नसतो रे. खेळ असतो. आणि खेळ तू ठरवायचा नसतो, गौतमी ठरवते. ती डब्यात खडे टाकत असेल तर तूही शेजारी मांडी घालून बस आणि खडे टाक. खडा पडला की "टप" म्हण. तिने म्हटलंच पाहिजे असं नाही. तिने नुसतं "अं" केलं तरी तूही "अं" कर, जसं काही ती मोठं भाषण देऊन राहिली आहे. लाज वाटली तर दार लावून घे.

वहिनींनी भाकरी करताना हात जे करतात ते तोंडाने म्हणत राहायचं. थाप थाप, गोल गोल, टाकली तव्यावर, चर्र. न्हाऊ घालताना तसंच, केस विंचरताना तसंच. चिऊकाऊचं गाणं म्हणताना शेवटच्या शब्दापाशी अडखळायचं आणि तिच्याकडे बघायचं. भातुकली मांडू द्या, चिखल करू द्या, कपडे भरले तर भरले.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद. "म्हण आई, म्हण बाबा," हे नको. मुलाला वाटतं आपली परीक्षा चालू आहे, आणि परीक्षेत भलेभले गप्प होतात. तुला आठवतं ना, तोंडी परीक्षेच्या दिवशी तुझ्या पोटात कळ यायची.

माझ्याकडे मच्छिंद्र नावाचा पोरगा आहे. आला तेव्हा खांबाला धरून नुसता उभा राहायचा. मी कधी बोल म्हटलं नाही. आम्ही सगळे मातीचे बैल करत होतो. एक दिवस त्याने आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल की मर्दा!" इतका वेळ तो कोणाशी बोलावं ते शोधत होता. माणसांपेक्षा बैल बरा वाटला त्याला.

हे पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखव. पूर्ण. मधलं गाळू नकोस, मला तुझा स्वभाव माहीत आहे. मायला म्हणावं, पेरू मिळाले तर इकडेही पाठव, पोपटाने टोचलेले चालतील.

तुझी,
कौसल्या

*

मंठ्याजवळची वाडी
२१ जानेवारी १९७३

प्रिय कौसल्या,

तुझं पत्र बेबीनंदाला वाचून दाखवलं. तिने ते फारच मनावर घेतलं आहे. घरात आता सतत थाप थाप आणि चर्र चर्र चालू असतं. काल ती आणि गौतमी दोघी अंगणात चिखलाची मडकी करत बसल्या होत्या. पाणी डोक्यावरून आणायचं आणि चिखलात घालायचं, हे मला पटत नाही. मी बोललो, तर माय तिच्या बाजूने उभी राहिली. सासूसुनेचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

प्रगती अशी. शेळीला "ब्या" म्हणते. खडा टाकला की "टप". भाकरी तव्यावर पडली की "चss". बेबीनंदा तर आनंदाने वेडी झाली आहे. परवा मायच्या पाठीवर चढून "ब्या" केलं, तर म्हातारी शेळीसारखी अंगणभर फिरली. मलाही हसू आलं.

पण कौसल्या, हे आवाज आहेत, शब्द नाहीत. शेळीही "ब्या" म्हणते. जून आता फार लांब नाही. रामरावांनी पुन्हा विचारलं, "काय म्हणते पोर?" मी म्हणालो, प्रगती आहे. ते म्हणाले, "मुकी असली तर असू द्या की, पोरीच्या जातीला बोलून काय करायचंय." दया दाखवल्यासारखं बोलले. तो अपमान मला थपडेपेक्षा जास्त लागला. आपल्या माणसांनी अक्षर मिळवायला काय काय सोसलं, आणि माझ्याच पोरीच्या तोंडी एक अक्षर नाही.

पुढचा टप्पा कळव.

तातेराव

*

कुंभार पिंपळगाव
१६ फेब्रुवारी १९७३

दादा,

ब्या म्हणाली, टप म्हणाली, आणि तू तोंड वाकडं करतोस! शब्द असेच येतात. आधी शेळी येते, मग शेळीचं नाव येतं. वहिनींना माझ्याकडून एक साखरेचा खडा द्या, आणि मायला दोन, शेळी झाली म्हणून. जे चाललंय ते अगदी बराबर चाललंय. रामरावांना काय म्हणायचं ते म्हणू दे. त्यांच्या घरात बोलणारे पुष्कळ आहेत, ऐकण्यासारखं कोण बोलतं?

इकडे आमची बालवाडी आता बालवाडी राहिली नाही. दुष्काळाची सरकारी सुकडी, ते गोड पीठ, मिळते म्हणून आजूबाजूची सगळी पोरं येतात. मोठीही येतात, धाकट्यांच्या नावाने. खेळायला कोणाच्या अंगात ताकद नाही. वाटी पुढे धरून बसतात नुसती. मी गाणी म्हणते आणि ती वाटीकडे बघत असतात.

पुढचं विचारलंस. ती बोट दाखवते आणि तुम्ही लगेच वस्तू हातात देता, मग तिला बोलायची गरज कशाला पडेल? लगेच देऊ नका. पाण्याकडे बोट दाखवलं तर पेला हातात धरा, तिच्या डोळ्यांत बघा आणि थांबा. काहीतरी आवाज येऊ द्या, मग द्या.

सुकडीची गाडी आली. पोरं दाराला लागली आहेत. घाईत एवढंच लिहिते.

कौसल्या

*

मंठ्याजवळची वाडी
६ मे १९७३

प्रिय कौसल्या,

शाळेला सुट्टी लागली. आड आटला. आपल्या लोकांना पाटलाच्या विहिरीवर कालही मज्जाव होता, आजही आहे, फक्त आता कारण दुष्काळाचं सांगतात. नदीच्या वाळूत झिरे खोदले आहेत, तिथे बेबीनंदा पहाटे जाते. वाटी वाटीने घागर भरायची. तिला परतायला दुपार होते. माय तिच्यासोबत जाते, नंबर धरायला. त्यामुळे गौतमीचं सगळं आता माझ्याकडे आहे, आणि एका अर्थी ते बरंच झालं. चिखल बंद झाला आणि कामाला शिस्त आली.

तुझा शेवटचा नियम मी लागू केला. इतका सोपा आणि शास्त्रशुद्ध उपाय तू आधीच का लिहिला नाहीस? सुरुवातीला ती रडली. बेबीनंदा असती तर विरघळली असती, मी विचलित झालो नाही. तुला सांगायला आनंद होतो की गौतमी "पा" म्हणाली. अगदी स्पष्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेला तत्काळ दिला.

आता पूर्ण शब्दावर आणतो आहे. अर्ध्या शब्दावर समाधान मानलं तर ती तिथेच थांबेल, हा माझा शाळेतला अनुभव आहे. थांबण्याचा अवधी त्याप्रमाणे वाढवला आहे. जूनला महिना राहिला. हे साधेल असं आता वाटू लागलं आहे.

तुझा,
तातेराव

*

कुंभार पिंपळगाव
१४ मे १९७३

दादा रे,

"पा" म्हणाली! पत्र वाचलं आणि मी बालवाडीच्या ओट्यावरच रडत बसले. उषाबाई, आमच्या मदतनीस, धावत आल्या, त्यांना वाटलं घरचं कोणी गेलं. मग त्यांना सांगितलं तर त्याही रडल्या. आम्ही दोघींनी सुकडीतली साखर चिमटीने खाल्ली आणि गोड तोंड केलं. सरकारला कळवू नकोस.

आणि तुझ्या अंगात धीर कधीपासून आला? लहानपणी गरम भाकरी निवेपर्यंत तुला दम निघायचा नाही, तोंड पोळून घ्यायचास. पोरीने बापाला शिकवलं म्हणायचं. दादा, मी तुझ्यावर खूष आहे. इतकी वर्षं मला वाटायचं तुला मुलं म्हणजे फक्त पाढे म्हणणारी तोंडं वाटतात.

असंच खेळत राहा तिच्याशी. कोणकोणते खेळ खेळता ते सविस्तर लिही. माझ्याकडच्या पोरांना पुन्हा खेळतं करायचं आहे, मला उपयोगी पडेल.

कौसल्या

*

वाडी
२० मे

कौसल्या वन्सं यांना बेबीनंदाचा जयभीम.

मी पत्र कधी लिव्हलं न्हाई. तिसरीपर्यंत शिकल्ते, चुकलं तं समजून घ्या. शेजारच्या कांताबाई मंठ्याच्या बाजाराला चालल्या, त्यांच्या हाती पेटीत टाकायला देऊन राह्यले. ह्यांना म्हाईत न्हाई.

वन्सं, तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. खेळता ते लिहा म्हणून लिव्हलं तुम्ही. घरात खेळ न्हाई आता. मी झिऱ्यावरून दुपारी येते तं पोरगी उंबऱ्यात बसलेली असती, व्हट फाटलेले. हे समोर खुर्चीवर, हातात पेला धरून. "म्हण पाणी. म्हनल्याबिगर न्हाई." रांजणावर पाटा ठेवलाय, तिनं आपल्या हातानं घेऊ नये म्हणून. मी म्हणलं, द्या की हो, ऊन किती हाय. तं म्हणले, कौसल्येनं लिव्हलंय, मधी बोलू नको, इतक्या दिवसाचं वाया जाईल.

तुम्ही असं लिव्हलं का?

पहिल्यांदा पा म्हणली तव्हा ह्यांनी दिलं. दुसऱ्या दिवसापासून म्हणले पुरं म्हण. तिला पुरं येईना. आता पा बी म्हणना झाली. ब्या म्हणना, टप म्हणना. पेला दिसला की तोंड भितीकडं करती. मी पदराखाली वाटी धरून पाजते, चोरून. ती बी चोरावानी पिती, जल्दी जल्दी. पण मी दुपारपर्यंत घरी नसते, तव्हा काय करू?

हे वाईट न्हाईत वन्सं. तुमचे भाऊ हायेत, तुम्हाला म्हाईत. तिनं तोंड फिरवलं की गोठ्यामागं जाऊन रडतात, मी पाह्यलं. मंग डोळे धुऊन पुन्हा खुर्चीवर बसतात. रामरावाचं बोलणं ह्यांच्या काळजात बसलंय, ते निघना. पोरगी हजर म्हणली की सगळं फिटंल असं वाटतं ह्यांना.

तुमचंच ऐकतात. तुम्ही लिहा.

बेबीनंदा

*

कुंभार पिंपळगाव
२४ मे १९७३

दादा,

हे पत्र हातात पडताच रांजणावरचा पाटा काढ. पुढचं नंतर वाच.

तहानेवर शिकवायचं नसतं. थांबायचं म्हणजे एक श्वास थांबायचं, हसून, खेळात, आणि ती नाही बोलली तरी द्यायचं. नेहमी द्यायचं. मी हे लिहायला हवं होतं. मला वाटलंच नाही की ते लिहावं लागेल. मुलाला पाणी द्यायचं हे कोण कोणाला लिहून कळवतं?

मला कळलं कसं ते विचारू नकोस आणि घरात कोणावर चिडू नकोस. जून, रामराव, हजेरी, सगळं खड्ड्यात जाऊ दे. पोरगी पहिलीत गेली नाही तर गेली नाही. पुढच्या वर्षी जाईल, नाहीतर कधीच जाणार नाही. तिला पाणी दे.

सुकडी वाटपाला दुसरं माणूस मिळालं की मी निघते. परतूरला गाडी बदलून येईन. तोवर तू खुर्चीवर बसायचं नाहीस. जमिनीवरही बसू नकोस तिच्यासमोर. तिला एकटी खेळू दे.

कौसल्या

*

मंठ्याजवळची वाडी
१७ जून १९७३

कौसल्या,

दवाखान्यात तू दोन दिवस गौतमीच्या उशाशी बसलीस. बेबीनंदाशी बोललीस, मायशी बोललीस, नर्सशी बोललीस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी चहा आणला तो तू खिडकीत ठेवून दिलास. म्हणून जे तोंडावर विचारता आलं नाही ते लिहून विचारतो.

तुझं पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा आम्ही तिला बैलगाडीत घालून निघालो होतो. पोस्टमनने ते रस्त्यात दिलं. मी वाचलं ते परतूरला पोचल्यावर. कांताबाईंच्या शेळ्यांच्या डोणीत तळाला हिरवं पाणी होतं, ते ती ओणवी होऊन प्याली. मी तेव्हा पेला हातात घेऊन घरात तिला शोधत होतो. हे तुला कोणी सांगितलं नसेल. त्या दिवशी मी द्यायचं ठरवलं होतं, न बोलताच.

हगवण थांबली आहे. चालते, पण भिंतीला धरून. काल शाळा सुरू झाली. तिचं नाव घातलं नाही. रामराव घरी येऊन गेले, मोसंब्या ठेवून गेले. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता ती आवाजच करत नाही. बोटही दाखवत नाही. समोर ठेवलं तर खाते, नाही ठेवलं तर तशीच बसून राहते.

तुझं फेब्रुवारीचं पत्र माझ्यासमोर आहे. "लगेच देऊ नका. थांबा. काहीतरी आवाज येऊ द्या, मग द्या." हे तुझं अक्षर आहे. मी यात माझ्या मनाचं काय घातलं ते सांग. मला खरंच कळून घ्यायचं आहे. बेबीनंदा माझ्याकडे बघत नाही, माय देवाचं नाव घेते, आणि मी कोणाला विचारू?

तातेराव

*

कुंभार पिंपळगाव
२३ जून १९७३

दादा,

तिथे मी बोलले नाही, कारण बोलले असते तर जे तोंडातून निघालं असतं ते मायने ऐकू नये असं होतं. गौतमीच्या हाताला सुई लावलेली होती आणि तू दाराशी उभा राहून नर्सला विचारत होतास की शाळा सुरू होईपर्यंत बरी होईल का. मला तुझा राग आला. अजून आहे.

अक्षर माझं आहे, नाकारत नाही. घाईत लिहिलं, सुकडीची गाडी दाराशी होती. ज्या पोरांच्या हातात वाटी आहे त्यांच्यासमोर उभं राहून मी तुला लिहिलं की मुलाला लगेच देऊ नकोस. हे मला आता रोज वाटी भरताना आठवतं.

पण तू विचारलंस म्हणून सांगते, तू मनाचं काय घातलंस. त्याच्या आधीचं पत्र सगळं विसरलास. चिखल, खडे, शेळी, बैल, "म्हण म्हणू नकोस," हे सगळं तुला पोरखेळ वाटलं. त्या एका ओळीत तुला शाळा दिसली, म्हणून तेवढीच धरलीस. गौतमी बोलावी असं वहिनींना वाटत होतं. तिने रामरावांना उत्तर द्यावं असं तुला वाटत होतं. ते उत्तर तूच ओट्यावर उभं राहून द्यायला हवं होतंस दादा. पोरीला कशाला पुढे केलंस?

हे लिहून मला बरं वाटलेलं नाही. तू वाईट बाप आहेस असं मी म्हणत नाही. तू रडतोस हे मला माहीत आहे.

आता एकच ऐक. तिला काही शिकवू नकोस. वहिनी आणि ती, दोघींना इकडे पाठव. माझी खोली आहे, मागे अंगण आहे, आणि पोरं पुन्हा माती खेळायला लागली आहेत. मच्छिंद्र आहे. घाई कोणालाच नाही.

कौसल्या

*

वाडी
१२ जुलै

कौसल्या वन्सं यांना जयभीम.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. सगळं वाचलं, मधलं गाळलं न्हाई. वाचताना थांबले दोनदा. मंग आठ दिवस पाठवतो बी म्हणले न्हाईत आन न्हाई बी म्हणले न्हाईत.

आता आडाला पाणी आलंय. रांजण भरलेला असतो, पाटा मी उचलून परसात टाकला.

काल दुपारी गौतमी भितीच्या सावलीत भातुकली मांडून बसली. आजारानंतर पहिल्यांदा. मी दारात तांदूळ निवडत बसल्ते. कांताबाईचं धाकटं रांगत आलं, तं तिनं त्याला समोर बसवलं. करवंटीत पाणी आणलं रांजणातून. त्यानं हात पुढं केला. तिनं करवंटी मागं घेतली आन बोट वर केलं.

आन म्हणली, "म्हण पाणी."

वन्सं, असं साफ म्हणली की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. कांताबाई वरडल्या, "पोरगी बोलली वं माय!" आत्याबाई, तुमची माय, आतून आल्या, हात जोडून रडायला लागल्या. बाया गोळा झाल्या. कांताबाई गूळ आणायला पळाल्या. हे आतून धावत आले. वन्सं, लग्न झाल्यापासून ह्यांना असं हसताना मी पाह्यलं न्हवतं. खाली बसले, म्हणले, "काय म्हणालीस माय? पुन्हा एकदा."

तिनं ह्यांच्याकडं पाह्यलंच न्हाई. ते लेकरू रडून राह्यलं होतं, हात लांबवून. तिनं करवंटी पाठीमागं धरली आन म्हणली, "म्हनल्याबिगर न्हाई."

बराबर ह्यांचाच आवाज. मान बी तशीच.

बाया हसून राह्यल्या होत्या, गूळ वाटून राह्यल्या होत्या. ह्यांचं हसू तोंडावरच राह्यलं, मंग उतरलं. तसेच उठले, घरात गेले, पेला भरून आणला. तिच्यापुढं धरला. "घे, पी," म्हणले.

तिनं हात पुढं केला न्हाई. दोन्ही हात मागं घेतले आन म्हणली, "पाणी, पाणी, पाणी, पाणी." जल्दी जल्दी, श्वास न घेता. तिला तहान न्हवती वन्सं. ती भेली होती. ह्यांनी पेला तिच्या हातात दिला तरी पिईना. पेला धरून ह्यांच्या तोंडाकडं पाहत उभी राह्यली.

हे आडाकडं निघून गेले. दिवस मावळायला आले. म्हणले, "कौसल्येला लिही, पोरगी बोलली." मी म्हणलं, लिहिते. मंग म्हणले, "पुढच्या आठवड्यात गाडीनं दोघी जा. मी परतूरपर्यंत येतो, पुढं येत न्हाई."

तं आम्ही येऊन राह्यलो. एवढंच करा. तुमच्या खोलीत माठ तिवईवर असंल तं खाली घ्या, जमिनीवर ठेवा, तिचा हात पुरंल असा. झाकण ठेवू नका. तिला मागायला लागू नये.

बेबीनंदा